फोटो येताच हलका व्हावा म्हणून: एका जिल्हा दैनिकाच्या सर्व्हरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे पश्चिम महाराष्ट्रातलं एक जिल्हा दैनिक. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. छापील अंक रात्री निघतो, वेबसाइटवर दिवसभर बातम्या चढत राहतात. साइट वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे आणि सगळा डोलारा भाड्याच्या एकाच व्हर्च्युअल सर्व्हरवर उभा आहे: दोन कोअर, चार जीबी रॅम, उबुंटू लिनक्स, पुढे वाचकांना पानं देणारं एनजिनएक्स. हा सर्व्हर सांभाळायला माझ्याकडे आला तेव्हा फोटो हलके करण्याचा एक प्रयत्न आधीच होऊन गेला होता.

फोटो तीन दारांनी येतात. तालुक्याचे वार्ताहर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, उपसंपादक ते उतरवून वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीत चढवतात. कार्यालयाचे छायाचित्रकार कॅमेऱ्यातले जेपेग एसएफटीपीने, म्हणजे नेटवरून सुरक्षितपणे फाइली पाठवण्याच्या पद्धतीने, थेट सर्व्हरवरच्या एका फोल्डरात टाकतात आणि त्यातून गॅलरीची पानं आपोआप तयार होतात: विसर्जन मिरवणूक, गावजत्रा, ऊस परिषद, कुस्तीचं मैदान. तिसरं दार रात्रीचं. पानं लागली की पान विभागाच्या संगणकावरून ई-पेपरच्या प्रतिमा येऊन पडतात.

अडचण

वाचकांची तक्रार होती की गॅलरी उघडता उघडत नाही. मालकांची तक्रार वेगळी, डिस्क सारखी भरते. रात्री दुसऱ्या यंत्रावर जाणारा आरसिंकचा (बदललेल्या फाइली तेवढ्या नेणाऱ्या साधनाचा) बॅकअप सकाळपर्यंत रेंगाळायचा, हे मात्र कोणाच्या लक्षातच नव्हतं.

कार्यालयात सर्वांचा समज एकच होता: वार्ताहर जड फोटो पाठवतात. प्रत्येक फोल्डरातल्या फाइलींचे आकार मांडून पाहिल्यावर तो समज टिकला नाही. व्हॉट्सअ‍ॅप साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो स्वतःच लहान करून दाबतो, त्यामुळे त्या फाइली काही शे केबीच्या होत्या. त्यातून पिळून काढण्यासारखं फारसं उरलेलं नव्हतं. खरं वजन गॅलरीत होतं. छायाचित्रकाराचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, आणि तोच फोटो जसाच्या तसा वाचकाच्या मोबाइलवर जात होता. मोबाइलचा पडदा साधारण त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढाच रुंद असतो. अशा फोटोवर दाबणी कितीही चांगली केली तरी पिक्सेलच जास्त असतील तर फरक मर्यादितच पडणार. आधी मापात आणायचा, मग दाबायचा.

डिस्कचं कोडं तिसरंच निघालं. वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या अनेक मापांच्या प्रती बनवतं. ५.३ आवृत्तीपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची एक लहान केलेली प्रत मुख्य म्हणून वापरतं आणि मूळही जपून ठेवतं. त्यात इथल्या जुन्या थीमने, म्हणजे साइटच्या सजावटीच्या साच्याने, स्वतःची बरीच मापं नोंदवून ठेवली होती. एका फोटोमागे डझनभर फाइली तयार होत आणि त्यातल्या बऱ्याचशा कोणत्याच पानावर वापरल्या जात नव्हत्या.

पहिला प्रयत्न आणि त्याचे परिणाम

कार्यालयातला संगणक विभाग पाहणाऱ्या गृहस्थांनी इंटरनेटवर जे सर्वात आधी सापडतं तेच केलं होतं. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, २.६.१३ आवृत्तीपासून, म्हणजे २००५ पासून, आयनोटिफाय नावाची सोय आहे. फोल्डरात काही घडलं की ती लगेच कळवते. तिच्यावर बसवलेली आयनोटिफायवेट ही आज्ञा गॅलरीच्या फोल्डरावर पहारा देत होती, आणि फाइल दिसली की इमेजमॅजिक या प्रतिमा-साधनाची मॉग्रिफाय ही आज्ञा तिला जागच्या जागी १६०० पिक्सेलवर आणत होती. पाच-सहा ओळींची स्क्रिप्ट. चाचणीत झकास चालली.

प्रत्यक्षात चार गोष्टी झाल्या. या मांडणीत मुळातच काय चुकतं ते त्यांतून नीट दिसतं.

पहिली, फेरा. मॉग्रिफायने फाइल लिहिली की तीही ‘लिहून बंद झालेली फाइल’च. आयनोटिफाय पुन्हा कळवतं, मॉग्रिफाय पुन्हा धावतं. जेपेगमध्ये प्रत्येक नव्या एन्कोडिंगला थोडा तपशील जातो. पहाऱ्याची प्रक्रिया अधूनमधून बंद पडत होती म्हणूनच बरेच फोटो वाचले.

दुसरी, अर्धवट फाइली. स्क्रिप्ट फाइल बंद होण्याची वाट पाहत होती, तेवढं शहाणपण त्यात होतं. पण जत्रेच्या गर्दीत छायाचित्रकाराचं नेटवर्क तुटतं, तेव्हाही सर्व्हरच्या बाजूने फाइल बंदच होते. वरचा अर्धा भाग चित्राचा, खालचा करड्या रंगाचा, अशी फाइल इमेजमॅजिकने इशारा देत का होईना, लहान करून लिहून टाकली. पुढचा प्रकार तर आणखी वाईट. नेटवर्क आलं की एसएफटीपीचा क्लायंट, म्हणजे छायाचित्रकाराकडचा फाइली पाठवणारा प्रोग्राम, सर्व्हरवरच्या फाइलीचा आकार पाहतो आणि तिथून पुढचे बाइट जोडतो. दरम्यान फाइल आटलेली असते. त्यामुळे भलत्याच जागेपासूनचे बाइट नव्याच फाइलीच्या शेपटीला चिकटतात. असे फोटो पाहून कार्डात बिघाड आहे असं समजून छायाचित्रकाराने कार्ड बदललं होतं.

तिसरी, नवे फोल्डर. आयनोटिफाय आतल्या फोल्डरांवर आपोआप नजर ठेवत नाही; प्रत्येक फोल्डरावर वेगळा पहारा लावावा लागतो. आयनोटिफायवेटचा खोलवर जाणारा पर्याय ते काम करतो, पण नवं फोल्डर तयार होणं आणि त्यावर पहारा बसणं यात फट राहते. ‘विसर्जन’ नावाचं फोल्डर तयार होऊन त्यात लगोलग फाइली पडल्या की पहिले काही फोटो त्या फटीतून निसटत.

चौथी गोष्ट तांत्रिक नाहीच. दिवाळी अंकाचं काम सुरू झालं तेव्हा पानं लावणाऱ्या ऑपरेटरच्या लक्षात आलं की वेबसाइटच्या गॅलरीतून उचललेले फोटो पुरत नाहीत. मूळ फाइली कार्यालयात नीट साठवल्याच जात नव्हत्या. गॅलरीचं फोल्डर हेच नकळत त्या दैनिकाचं फोटो-दफ्तर झालं होतं. ३०० डीपीआयने छापायचं तर १६०० पिक्सेलचा फोटो साडेतेरा सेंटिमीटरला संपतो. अंकाच्या पूर्ण पानाला तो कसा पुरणार?

या चौथ्या गोष्टीनंतर स्क्रिप्ट थांबवली गेली. तोवर आटलेले फोटो परत येणार नव्हते. काही छायाचित्रकाराच्या जुन्या हार्ड डिस्कवर मिळाले, बाकीचे गेले.

पर्याय

संपादकांना सर्वात आवडलेला पर्याय म्हणजे फोटो चढवण्याआधी लहान करण्याची सक्ती. फुकट आहे, पण चालत नाही. रात्री साडेदहाला अपघाताचे फोटो आले तर कोणी मापं पाहत बसत नाही, आणि बसूही नये.

वर्डप्रेसचं प्लगइन हा दुसरा. ते फक्त पहिल्या दारातून आलेले फोटो पाहणार, आणि पहिलं दार हे वजनाचं दार नव्हतंच. बाहेरच्या सीडीएन (वाचकांना आपल्या सर्व्हरवरून फाइली पुरवणाऱ्या) सेवेकडून मागणीनुसार लहान प्रती बनवून घेणं हा तिसरा. तांत्रिकदृष्ट्या मला तो आजही सर्वात स्वच्छ वाटतो. पण दरमहा डॉलरमध्ये येणाऱ्या आणि वाचक वाढले की वाढणाऱ्या बिलाला मालक तयार नव्हते. तो निर्णय त्यांचा होता आणि त्यांच्या जागी तो बरोबरच होता.

उरलं सर्व्हरवरच आपोआप करणं. तिथे खरा प्रश्न आयनोटिफाय की ठरावीक वेळी काम सुरू करणारा क्रॉन असा मांडला जात होता. माझ्या मते तो दुय्यम होता. आधी ठरवायचं ते हे की मूळ फाइलीवर लिहायचं की नाही. जागच्या जागी बदलायचं ठरवलं की फेरा, अर्धवट फाइल, हरवलेलं मूळ, सगळी दुखणी पाठोपाठ येतात, आणि मग प्रत्येकासाठी स्क्रिप्टमध्ये एकेक ठिगळ लावत बसावं लागतं. मूळ वेगळं आणि दाखवायची प्रत वेगळी ठेवली तर त्यातली बहुतेक उद्भवतच नाहीत.

याची किंमतही होती. डिस्क भरते म्हणून आलेल्या माणसाला ‘आता प्रत्येक फोटोच्या दोन फाइली ठेवू’ असं सांगणं सोपं नव्हतं. थीमची न वापरलेली मापं काढून टाकल्यावर मोकळी झालेली जागा दाखवली, तेव्हाच ते पटलं.

काय केलं

गॅलरीसाठी दोन फोल्डर केले, ‘आवक’ आणि ‘दर्शनी’. आवक-जावक कार्यालयात सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे नावं समजावून सांगावी लागली नाहीत. आवक वेबसाइटच्या फोल्डराबाहेर आहे. एनजिनएक्सला ते दिसतच नाही. छायाचित्रकार तिथेच टाकतात. दर्शनीत फक्त तयार प्रती जातात.

कामाची यादी कशी काढायची? ‘गेल्या पंधरा मिनिटांत आलेल्या फाइली’ हा नेहमीचा मार्ग इथे फसला असता. छायाचित्रकाराचा क्लायंट फाइलीची मूळ तारीख जपतो, म्हणजे सर्व्हरवरही तीच तारीख दिसते. एका कॅमेऱ्याचं घड्याळ तर काही वर्षं मागे होतं. फाइंड या शोधण्याच्या आज्ञेला बदलाच्या वेळेनुसार, म्हणजे एमटाइमने, शोधायला सांगितलं तर आज आलेला फोटो त्याला जुनाच वाटतो. त्याऐवजी नियम असा ठेवला: आवकेत आहे आणि दर्शनीत नाही, किंवा दर्शनीतली प्रत मुळापेक्षा जुनी आहे, ते सगळं बाकी काम. सर्व्हर मध्येच बंद पडला, स्क्रिप्ट मारली गेली, तरी पुढच्या खेपेला यादी आपोआप बरोबर निघते. कुठे खूण ठेवायची नाही, कुठली नोंद सांभाळायची नाही.

फाइल पूर्ण आली का, हे ठरवायला दोन चाळण्या आहेत. पहिली सीटाइमची, म्हणजे फाइलीत शेवटचा फेरफार झाल्याच्या सर्व्हरच्या नोंदीची: गेल्या काही मिनिटांत फाइलीला हात लागलेला नसावा. क्लायंट एमटाइम हवा तो लावू शकतो. सीटाइम मात्र सर्व्हर स्वतः लावतो. दुसरी चाळणी चित्र उलगडण्याची. जेपेगच्या शेवटी एफएफ-डी९ ही समाप्तीची खूण असते, ती तपासून भागेल असं आधी वाटतं. पण काही मोबाइल त्या खुणेनंतरही आपला मजकूर जोडतात, त्यामुळे चांगले फोटोही नापास होतात. म्हणून चित्र पूर्ण उलगडून पाहायचं आणि इशारा आला तरी नापास धरायचं. नापास फाइल आवकेतच राहते. नेटवर्क आल्यावर छायाचित्रकाराने उरलेले बाइट पाठवले की फाइल पूर्ण होते आणि पुढच्या खेपेला पास होते.

इमेजमॅजिक काढून लिबव्हिप्स हे प्रतिमा-साधन घेतलं. २४ मेगापिक्सेलचा फोटो उलगडला की आठ बिटांतही ७२ एमबी होतो, आणि इमेजमॅजिक आत प्रत्येक पिक्सेलला त्याहून जास्त बिट वापरतं. चार जीबीत वर्डप्रेस आणि डेटाबेस नांदत असताना ही चैन परवडत नव्हती. लिबव्हिप्स जेपेग उघडतानाच लहान करून घेतं. दुसरं कारण सुरक्षेचं. इमेजमॅजिकमध्ये २०१६ साली इमेजट्रॅजिक नावाने गाजलेलं छिद्र सापडलं होतं. चलाखीने बनवलेल्या फाइलीतून सर्व्हरवर आज्ञा चालवता येत होत्या. लिबव्हिप्सही निर्दोष असेलच असं नाही, म्हणून हे काम वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतं. त्याला आवक फक्त वाचता येते.

प्रत आधी दर्शनीतच तात्पुरत्या नावाने लिहिली जाते आणि पूर्ण झाल्यावर तिचं नाव बदललं जातं. एकाच फाइलसिस्टिमवर नाव बदलणं अखंड असतं, त्यामुळे वाचकाला अर्धी प्रत कधी दिसत नाही. तात्पुरती फाइल टेम्प फोल्डरात ठेवायची सवय असते. ते वेगळं फाइलसिस्टिम असेल तर नाव बदलण्याऐवजी नक्कल होते आणि हा फायदा जातो.

क्रॉन दर काही मिनिटांनी धावतो. फ्लॉक या कुलपामुळे एका वेळी एकच खेप चालते. नाइस आणि आयओनाइस या प्राधान्य कमी करणाऱ्या आज्ञांमुळे साइटच्या वाटेत ती येत नाही. फाइलींची नावं ‘शून्य’ अक्षराने, म्हणजे नावात कधीच येऊ न शकणाऱ्या नल या खुणेने, तोडून वाचली जातात. कारण सरळ आहे: व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेल्या फाइलीच्या नावात मोकळ्या जागा असतातच, आणि छायाचित्रकार देवनागरीतही नावं देतात.

वर्डप्रेसच्या दारात कमीत कमी ढवळाढवळ केली. मूळ फोटोला हात नाही. नावात माप असलेल्या प्रतींवरच जेपेगऑप्टिम हे फाइल हलकी करणारं साधन चालतं, तेही दर्जा न गमावणाऱ्या पद्धतीने. फायदा माफक आहे, पण एकच फाइल दोनदा गेली तरी बिघडत नाही: जागा वाचण्यासारखी नसेल तर जेपेगऑप्टिम फाइल सोडून देतं.

काय खरवडायचं, काय ठेवायचं

फाइल हलकी करताना सर्रास सगळा मेटाडेटा, म्हणजे फोटोसोबतची लिखित माहिती, काढून टाकतात. आम्ही याच निर्णयावर सर्वात जास्त वेळ दिला.

एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेरा फोटोत लिहून ठेवतो त्या माहितीत, फोटो कोणत्या बाजूला फिरवून दाखवायचा याची खूण असते. ती काढली आणि पिक्सेल फिरवले नाहीत तर उभा फोटो आडवा पडतो. म्हणून आधी फिरवायचं, मग काढायचं. रंगाचा आयसीसी प्रोफाइल काढला तर अ‍ॅडोबी आरजीबी या जास्त रंगांच्या पट्ट्यात काढलेला फोटो फिका दिसतो. आधी वेबच्या नेहमीच्या एसआरजीबीत आणायचा, मग काढायचा. आयपीटीसी या वृत्तछायाचित्रांच्या माहितीतली फोटोओळ आणि छायाचित्रकाराचं नाव ठेवायचं, ही छायाचित्रकारांची अट होती. ती रास्त होती.

आणि जीपीएस. मोबाइलने काढलेल्या फोटोत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश असू शकतात. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, पूर्वीचं दंड विधानातलं २२८ अ. पीडित बालक असेल तर पॉक्सोचं कलम २३ आहेच. बातमीत नाव-गाव टाळायचं आणि सोबतच्या घराच्या फोटोत घराचे निर्देशांक ठेवायचे, हे घडू शकत होतं. वर्डप्रेसमध्ये चढवलेल्या मूळ फाइलीत हा मजकूर तसाच राहतो आणि तिचा पत्ता ओळखणं अवघड नसतं. म्हणून मुळाला हात न लावण्याच्या नियमाला इथे एकच अपवाद केला: वर्डप्रेसमध्ये चढलेल्या मूळ फाइलीतून फक्त जीपीएसचा भाग काढला जातो, पिक्सेल तसेच राहतात.

हा अपवाद सुचवला उपसंपादकांनी. तांत्रिक बैठकीत त्यांना बोलावलं नसतं तर तो राहून गेला असता.

ई-पेपरचं वेगळं गणित

पानाच्या प्रतिमेला फोटोचे नियम लावले आणि पहिल्याच दिवशी अनुस्वार पुसट झाले. जेपेग रंगाची माहिती सहसा निम्म्या बारकाईने साठवतं. फोटोत ते जाणवत नाही, पण पांढऱ्यावरच्या लाल मथळ्याच्या कडा विस्कटतात आणि बारीक मजकुरातल्या मात्रा, रफार एकमेकांत मिसळतात. पानांसाठी रंगाची पूर्ण बारकाई ठेवून दर्जा वाढवला. फाइल जड झाली. वाचता येण्यासाठी ती किंमत मोजलीच पाहिजे.

त्याच आठवड्यात एका जाहिरातदाराने आपल्या बोधचिन्हाचा रंग बदलल्याचं कळवलं. पान विभागाकडून येणारी काही चित्रं सीएमवायकेत होती, छपाईच्या शाईच्या हिशोबाने. त्यांचा प्रोफाइल न वापरता रंग बदलले जात होते. सीएमवायके दिसलं की आधी प्रोफाइलनुसार रूपांतर, हा टप्पा तेव्हा जोडला.

निष्पत्ती

गॅलरी आता साध्या मोबाइल डेटावर बिनतक्रार उघडते. बॅकअप पहाटेच्या आत संपतो. त्यासाठी प्रतींचं काम बॅकअपच्या आधी उरकलं जाईल अशा वेळा लावल्या, नाहीतर आकार बदललेली फाइल आरसिंक दुसऱ्या रात्री पुन्हा नेतो. आवकेतली जुनी मुळं दर महिन्याला कार्यालयातल्या दोन डिस्कवर जातात आणि दोन्हीकडे पोचल्याची खात्री झाल्यावरच सर्व्हरवरून निघतात. दैनिकाला यानिमित्ताने फोटो-दफ्तर मिळालं.

विसर्जनाच्या दिवशी मात्र रांग लागली. तीन छायाचित्रकार एकाच वेळी फोटो ओतत होते आणि स्क्रिप्ट नावांच्या क्रमाने, सकाळपासूनचे फोटो करत बसली. वाचकाला हवी होती ती आत्ताची मिरवणूक. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा केला, शेवटी आलेला आधी. काम तेवढंच राहिलं, ओरड थांबली.

वेगळं काय करता आलं असतं

काही एसएफटीपी क्लायंट मोठी फाइल तात्पुरत्या नावाने चढवतात आणि पूर्ण झाल्यावर तिचं खरं नाव लावतात. विनएससीपी हे करतं. सर्व छायाचित्रकारांच्या यंत्रांवर सुरुवातीलाच हे बसवलं असतं तर ‘नाव बदललं’ हीच फाइल पूर्ण झाल्याची खात्रीची खूण झाली असती. मग आयनोटिफाय बिनधोक वापरता आलं असतं आणि काही मिनिटांचं थांबणं वाचलं असतं. तरीही दिवसातून एकदा सगळं तपासणारी क्रॉनची खेप मी ठेवलीच असती, कारण घटनांची रांग ओसंडली की आयनोटिफाय घटना टाकून देतं.

नापास फाइलींची नोंद लॉगमध्ये होत होती आणि लॉग कोणी वाचत नव्हतं. आयफोनवरच्या हाइक (एचईआयसी) या वेगळ्या प्रकारच्या फाइलींना नाव बदलून जेपीजी केलेलं असायचं. त्या आवकेत पडून राहायच्या आणि फोटो का दिसत नाही म्हणून फोन यायचे. आता रोज संध्याकाळी अडलेल्या फाइलींची यादी छायाचित्र विभागाला मेलने जाते. हे पहिल्या दिवसापासून हवं होतं.

वेबपी या आणखी हलक्या प्रकारातल्या प्रती अजून बनवलेल्या नाहीत. सफारीने २०२० मध्ये ते स्वीकारल्यापासून ब्राउझरची अडचण उरलेली नाही, पण प्रत्येक फोटोची आणखी एक फाइल आणि ब्राउझर पाहून ती देण्याची एनजिनएक्सची मांडणी, एवढा भार या सर्व्हरवर टाकायचा का, हे पुढच्या गणपतीतला ताण पाहून ठरेल. पान विभागाला ई-पेपरसाठी थेट पडद्यासाठीच्या आरजीबीत प्रतिमा काढायला सांगितलं आहे. तसं सुरू झालं की सीएमवायकेचा टप्पा स्क्रिप्टमधून निघेल.